काकू, मी येते

दारात सव्वासहा फुटांचा माणूस उभा होता. नाक दोनदा मोडलेलं आणि दोन्ही वेळा वेगळ्या बाजूला बसवलेलं, डाव्या भुवईत टाक्यांची पांढरी रेघ आणि पुढचे तीन दात गायब. हातात माझ्या मुलीचे, इराचे, बर्फाच्या रिंकवर विसरलेले जाडजूड ग्लोव्हज. त्याने पायपुसण्यावर बूट नीट घासले आणि अत्यंत नम्रपणे विचारलं,

"काकू, मी आत येते?"

मी वाकून त्याच्या मागे बघितलं. मला वाटलं बरोबर बायको असेल आणि ती बोलली असेल. मागे फक्त त्याची गाडी होती.

"चहा घेते मी," तो बसल्यावर म्हणाला, "पण साखर नको. मी जाड झाले."

हा इराचा आइस हॉकीचा कोच, हेमंत ताम्हाणे. मिनेसोटातल्या एका गावात जन्मला. तिथे वर्षातले पाच महिने बर्फ असतो, तेव्हा आईवडिलांनी हवामान बघूनच नाव ठेवलं असावं. हॉकीतल्या लोकांना आडनावाचा लाड केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून ताम्हाणेचं त्यांनी 'टॅमी' केलं. टॅमी हे इकडे बाईचं नाव. म्हणजे इंग्रजीतसुद्धा बिचाऱ्याची सुटका नव्हती.

मी पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या त्याच्या तोंडावर सांगायच्या, याचा मला पगार मिळतो. रविवारी आमच्या बॉथेल गावातल्या मराठी शाळेत हेच काम मी फुकट करते. घरी मी ते ओव्हरटाइमला करते, असं माझा नवरा विनायक म्हणतो. विनायक दिवसाला साधारण पाच वाक्यं बोलतो, त्यातलं हे एक. तेव्हा 'मी जाड झाले' ऐकून माझं काय झालं असेल ते सांगायला नको. त्यातून हा मला काकू म्हणत होता. तो चव्वेचाळीसचा, मी एक्कावन्नची. पण इथे जन्मलेल्या मराठी मुलांच्या लेखी साडी नेसता येणारी प्रत्येक बाई काकू असते, त्याला इलाज नाही.

"झाले नाही, झालो," मी तिथल्या तिथे सांगितलं.

"आई, डोन्ट करेक्ट हिम," इरा आतून ओरडली. "ही इज फ्लुएंट!"

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवं मैदान येतं. ही ती नव्हे. ही बर्फावरची. पायात पात्यांचे बूट, चेंडूऐवजी रबराची काळी चकती, आणि समोरच्याला धडक देऊन रिंकभोवतीच्या काचेवर आपटणं हे चक्क नियमात बसतं. हेमंत त्यात डिफेन्समन होता. म्हणजे बाकीचे गोल करायला पुढे पळतात तेव्हा मागे थांबायचं आणि येईल त्याला अंगावर घ्यायचं. अकरा वर्षं तो पगारी खेळाडू होता, पण जवळजवळ सगळी वर्षं छोट्या लीगमध्ये गेली. हिवाळाभर बसचा प्रवास, स्वस्त मोटेल, आणि पुढच्या गावात पुन्हा तीच मारामारी. सगळ्यात वरच्या लीगमधून एकदा बोलावणं आलं. तिथे चार मॅच खेळला आणि गुडघा गेला. 'चार' हे तो बोटांनी दाखवतो. त्यातली दोन बोटं कायमची वाकडी झाल्यामुळे बघणाऱ्याचा हिशेब चुकतो.

याचं त्याला वाईट वाटत असेल असं वाटत नाही. "काकू, बेस्ट डिफेन्समन कोण?" तो एकदा मला विचारता झाला, आणि उत्तरही त्यानेच दिलं. "ज्याचं नाव अनाउन्सर एकदा पण घेत नाही, तो."

त्याची टीम बारा-तेरा वर्षांच्या मुलींची आहे. त्यात कोरियन आहेत, मेक्सिकन आहेत, तेलुगू आहेत, आणि त्या सगळ्यांना तीन मराठी शब्द येतात: सरक, थांब, सोड. ही त्याच्या खेळायच्या काळातली युक्ती. दोन डिफेन्समननी एकमेकांना सतत ओरडून सांगत राहावं लागतं, आणि इंग्रजीत ओरडलं तर समोरच्यालाही कळतं. म्हणून त्याने त्याच्या जोडीदाराला, कॅनडातल्या एका शेतकऱ्याच्या दांडग्या मुलाला, हे तीन शब्द शिकवले. तो गडी अजून फोन ठेवताना 'सोड' म्हणतो म्हणे. आमच्या रिंकवर सोनेरी वेणीची एक मुलगी दुसरीला 'सरॅऽक' करून ओरडते, तेव्हा माझ्यातली मराठी शाळेची बाई सद्गदित होते.

बाकी त्याचे छंद म्हणावेत तर दोन. एक टेप. हॉकीच्या काठीला गुंडाळतात ती पांढरी कापडी टेप त्याच्या खिशात सदैव असते आणि जगातल्या सगळ्या दुःखांवर ती हाच उपाय असं तो समजतो. माझ्या पोळपाटाचा हलणारा पाय, विनायकच्या चष्म्याची दांडी, मराठी मंडळाच्या गणपतीमागची कमान, सगळं त्याने न विचारता बांधून टाकलं आहे. दुसरा छंद वरणभात. मॅचच्या आधी वरणभात आणि तूप, याशिवाय तो अकरा वर्षांत एकदाही बर्फावर उतरला नाही. बसमध्ये मांडीवर छोटा कुकर घेऊन बसायचा. पहिल्या वर्षी टीमने नाकं मुरडली, दुसऱ्या वर्षी गोलकीपर वाटी घेऊन शेजारी येऊन बसायला लागला.

आणि फोन. प्रॅक्टिस संपली, मुली घरी गेल्या की हा रिंकच्या कठड्याला टेकून मिनेसोटाला फोन लावतो. "आई, मी निघते." बारा मिनिटांत घरी पोचतो आणि पुन्हा फोन. "आई, मी आले." चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या! लग्न केलेलं नाही, घरात दुसरं कोणी नाही. पालकांत यावरून बरीच थट्टा चालते. मीही त्यात मागे नव्हते हे कबूल करायला हवं.

वडील तो लहान असतानाच गेले, एवढं मला ठाऊक होतं. घरात मराठी बोलणारी एकटी आई. त्यामुळे त्याच्या मराठीत दोनच माणसं राहत होती: एक आई, आणि एक चार-पाच वर्षांचा मुलगा. स्वतःबद्दल बोलायचं तर तो आईसारखा बोलायचा, आणि दुसऱ्याशी बोलायचं तर आई त्याच्याशी बोलायची तसा. आमच्या मंडळाचे अध्यक्ष सत्तरीचे, भारतात मोठ्या कारखान्याचे मॅनेजर होते. त्यांना एका सभेत सर्दी झाली होती. हेमंतने सगळ्यांदेखत त्यांच्या हातात टिश्यू ठेवला आणि प्रेमाने म्हणाला, "काका, नाक पूस. स्वेटर नाही घातलास?" अध्यक्षांनी निमूटपणे नाक पुसलं. इतक्या वर्षांत त्यांना कोणी असं सांगितलं नसावं.

गाडी इथवर मजेतच चालली होती. गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात कोणीतरी त्याला स्टेजवर ढकललं, 'दोन शब्द बोला' म्हणून. तो माइक धरून म्हणाला, "मी खूप वर्षं खेळले. मी खूप वेळा पडले. आता मी दमले, म्हणून मुलींना शिकवते." हॉलमध्ये हशा पिकला. पोरांनी व्हिडिओ काढला, तो ग्रुपवर फिरला, त्यावर हसून डोळ्यांत पाणी आलेले ते पिवळे चेहरे ओळीने पडले. हेमंतसुद्धा हसला. त्याचं कुणी काही मनावर घेत नाही, आणि तोही घेत नाही, असं आम्ही धरून चाललो.

नोव्हेंबरात तो माझ्याकडे आला. या वेळी चहा मागितला नाही. मंडळाने संक्रांतीला त्याचा सत्कार ठरवला होता आणि त्यासाठी त्याची आई मिनेसोटाहून येणार होती.

"काकू, मला नीट बोलायला शिकव," तो म्हणाला. "मला हसले तर आय डोन्ट केअर. पण आई समोर बसणार. लोक हसले तर शी विल थिंक तिने चुकीचं शिकवलं. तिच्यासमोर कोणी हसायला नको."

मला अगदी भरून आलं, आणि खरं सांगायचं तर हातही शिवशिवले. इतका मोठा बग इतक्या वर्षांत कोणी माझ्यापुढे आपणहून आणून ठेवला नव्हता.

पहिल्याच रविवारी अडचण लक्षात आली. मी म्हणायचं आणि त्याने माझ्यामागून म्हणायचं, अशी माझी पद्धत. मी म्हटलं, "मी रोज लवकर उठते." तो म्हणाला, "मी रोज लवकर उठते." बरोबरच होतं! चूक सुधारायला बाई शिक्षक नेमणं ही मूळ चूक. मग विनायकला टेबलाशी आणून बसवलं. "मी चहा पितो," विनायक म्हणायचा. "मी चहा पितो," हेमंत म्हणायचा. "मी पेपर वाचतो." "मी झोपतो." सात-आठ रविवारांत विनायक जितकं बोलला तितकं आमच्या बावीस वर्षांच्या संसारात बोलला नसेल. एकदा तर त्याने न सांगता "मी कंटाळलो" असंही वाक्य घातलं. ते उदाहरण होतं की निवेदन, हे मी विचारलं नाही.

हेमंत विद्यार्थी म्हणून उत्तम निघाला. मुली यायच्या आधी रिकाम्या रिंकवर तो उलटं स्केटिंग करत घोकायचा, "मी पडलो, मी उठलो, मी खेळलो." मी त्याला चौदा वाक्यांचं भाषण लिहून दिलं, रोमन लिपीत, कारण देवनागरी त्याला येत नाही. डिसेंबर संपता संपता तेरा वाक्यं खणखणीत झाली. चौदावं होतं, 'असाच लोभ राहू द्या, येतो.' तिथे दर वेळी गाडी रुळावरून उतरायची.

"येते," तो म्हणायचा.

"येतो."

"हो. येते."

मी समजावून सांगितलं, विनायककडून दहा वेळा वदवून घेतलं. शेवटी म्हटलं, वाक्य काढून टाकू, 'धन्यवाद' म्हणून मोकळा हो. तर त्यालाही नकार. "नाही काकू, जाताना असंच सांगतात. न सांगता जायचं नाही." मग म्हण ना येतो! तर मान खाली घालून बोटाला टेप गुंडाळत बसला. जानेवारीत, कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी माझा तोल गेला.

"अरे, एवढा धिप्पाड माणूस तू, सारखं बाईसारखं काय बोलतोस!"

हे वाक्य मी बोलायला नको होतं. विनायकने पेपर खाली केला. हेमंतचे कान लाल झाले. तो म्हणाला, "ओके, काकू. त्या दिवशी म्हणते मी. एकदाच." मग त्याने कागदाची घडी घातली, बूट चढवले, दारात उभा राहून "येते" म्हणाला आणि दार अगदी आवाज न करता लावून घेतलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो आईला आमच्याकडे चहाला घेऊन आला. सुमनकाकू म्हणजे पाच फुटांच्या आतबाहेरची बाई, मोठ्या फुगीर कोटात बुडालेली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं नोकरी केलेली, नजर तीक्ष्ण. हेमंतने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, "आई, तू बस. मी गाडी नीट लावतो."

सुमनकाकूंनी झटकन मान वर केली. तो बाहेर गेला तरी त्या दाराकडे बघत होत्या.

"सगळं सुधारलंय बरं का आता," मी फुशारकीने सांगितलं. "फक्त एक शब्द राहिलाय. निघताना येतो म्हणायचं, ते काही केल्या—"

"ते नाही म्हणायचा तो," सुमनकाकू म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, बशीतली बिस्किटं सरळ लावत.

"हा चार वर्षांचा होता गं, मेधा. असाच जानेवारी. ह्याचे बाबा सकाळी कामाला निघाले. दारातून म्हणाले, 'येतो गं.' तिकडचा रस्त्यावरचा बर्फ तू पाहिला नाहीस. गाडी घसरली. नाही आले.

"महिन्याभराने मी ह्याला पुन्हा शाळेत पाठवायला काढलं. दारात उभा राहिला आणि बाबांसारखंच म्हणाला, 'आई, येतो.' मी त्याला धरूनच बसले. बस हॉर्न वाजवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. माझ्याच्याने सोडवेना. चौथ्या दिवशी हा आपलं आपण दप्तर घेऊन दाराशी गेला आणि म्हणाला, 'आई, मी येते.' मी म्हटलं, अरे, येतो म्हणावं. तर म्हणाला, 'नाही. बाबा येतो म्हणाले आणि आलेच नाहीत. तू येते म्हणतेस आणि रोज येतेस.'"

त्यांनी शेवटचं बिस्किट सरळ केलं. "मग मी त्याला सोडलं."

"मला काय कळत नव्हतं?" त्या म्हणाल्या. "शाळेत मराठीत पहिली यायचे मी. पण ते दुरुस्त कसं करू? एक राहिलं, त्याच्या मागून बाकीचं सगळं तसंच आलं. पुढे तर हा मार खायच्याच खेळात शिरला. मी कधी आत जाऊन मॅच पाहिली नाही, बाहेर गाडीत बसून राहायचे. संपलं की काचेवर टकटक करायचा. 'आई, मी आले.' दात पडलेले असायचे, पण आलेला असायचा." मग हळूच म्हणाल्या, "मघाशी 'लावतो' म्हणाला ना, तेव्हा मला ह्यांचाच आवाज वाटला. बरं वाटलं. भीतीही वाटली."

बाहेर गाडीचं दार लागलं. हेमंत आत आला, बूट पुसले आणि बशीत बिस्किटं ओळीने लावलेली बघून म्हणाला, "आई, तू खाल्लं नाहीस?" माझ्याकडे त्याने बघितलं नाही, आणि मलाही त्याच्याकडे बघवलं नाही. मला स्वतःची अतोनात लाज वाटत होती. एका माणसाने आईसाठी जन्मभर सांभाळलेला शब्द, तो आईसाठीच उद्या सोडून द्यायला तयार झाला होता, आणि तो सोडवण्यासाठी मी त्याच्यावर खेकसले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये तिळगुळाच्या ताटांशेजारी मी त्याच्याकडून भाषणाचा कागद मागून घेतला, "एकदा तपासते" म्हणून. त्याच्याच खिशातली टेप मागितली. शेवटच्या शब्दातल्या शेवटच्या अक्षरावर, त्या 'ओ'वर, टेपचा चौकोनी तुकडा चिकटवला आणि त्यावर पेनने इंग्रजी 'ई' काढलं. वीस-बावीस वर्षं मी चुका काढत आले. जाणूनबुजून घातलेली ही पहिलीच.

हेमंत कोट घालून आला होता, दातही बसवले होते. शाल, श्रीफळ झालं. तो माइकपाशी गेला आणि तेरा वाक्यं बोलला. "मी मागे उभा राहिलो. मी पडलो, पण उठलो. माझ्या आईने मला पहाटे पाच वाजता रिंकवर नेलं, म्हणून मी खेळलो." एकही चूक नाही. कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी रुमाल काढला, आणि या वेळी त्यांना सर्दी नव्हती. पहिल्या रांगेत सुमनकाकू मांडीवर हात ठेवून ताठ बसल्या होत्या.

मग तो थांबला. कागद जवळ धरला. टेपवरून अंगठा फिरवला. मान वर करून त्याने हॉलभर मला शोधलं. मी तिळगुळाच्या ताटामागे उभी होते, तिथून मान हलवली.

"असाच लोभ राहू द्या," हेमंत म्हणाला. आणि माइक सोडून, पहिल्या रांगेकडे बघत, "आई, मी येते."

मागच्या रांगांत खसखस पिकली. कोणीतरी फोन वर केला. हेमंतचा चेहरा पडला, आणि तेवढ्यात सुमनकाकू त्या सगळ्या आवाजावरून खणखणीतपणे म्हणाल्या, "ये रे. सावकाश ये."

हसणं आपोआप विरलं. काहींना वाटलं मायलेकांनी ठरवून केलेला विनोद असावा. वाटू दे. स्टेजवरून खाली यायला चार पायऱ्या होत्या, त्या उतरून तो आईपुढे उभा राहिला. "आले," म्हणाला. त्यांनी त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली.

घरी येताना गाडीत मी विनायकला सगळं सांगितलं. त्याची पाच वाक्यं बहुधा संपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या उतारावर बर्फाचा पातळ, काचेसारखा थर जमला होता. बॉथेलमध्ये असं वर्षातून एखाददुसऱ्या वेळी होतं आणि सगळ्यांची त्रेधा उडते. विनायकने डबा घेतला, मफलर गुंडाळला, दार उघडून रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"येते," तो म्हणाला.

मी दुरुस्त केलं नाही.

"ये," म्हटलं. "सावकाश ये."